विचारायचं ते गिऱ्हाइकाला

वहिनी,

राजव्वानं आणलेल्या मिरच्या आज गच्चीत वाळत घातल्या. संक्रांतीला ती वरंगळकडच्या तिच्या गावी गेली होती, तेव्हा तुम्हीच तिला सांगून ठेवलं होतं. ती गाठोडं घेऊन आली तेव्हा तुम्हाला अंथरुणातून उठवत नव्हतं. तरी उशीला टेकून बसलात, एक मिरची मोडलीत, नाकाशी धरलीत आणि म्हणालात, "यंदा देठ बारीक आहेत. वजनात फायदा." डॉक्टर नुकतेच येऊन गेले होते. आम्ही सगळे चेहरे पाडून उभे होतो आणि तुम्ही देठांचा विचार करत होतात.

परवा जेवताना मी बोलून गेलो, की मिरच्या आहेत, धणे आहेत, हळकुंडं आहेत, वहिनी तेवढ्या नाहीत, बाकी मसाल्याची सगळी तयारी आहे. मला विनोद करायचा होता की काय, माझं मलाच कळलं नाही. दादानं ताटावरची मान वर न करता सांगितलं, "या वर्षी मसाला करायचा नाही. सणवार नाहीत, मसाला कशाला? बाजारातून पुड्या आणा."

"आणि आईनं मिरच्या आणवल्यात त्या?" तुमच्या मीनूनं विचारलं.

"राजव्वाला परत द्या."

तुम्ही गेल्यापासून दादा दहीभाताखेरीज काही खात नाही. आमटीची वाटी पुढे सरकवली की म्हणतो, नको, तिखट असेल. वहिनी, ती आमटी आमच्या हिनं केलेली असते. तिच्यात तिखट किती असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या बरणीच्या तळाशी गेल्या वर्षीचा मसाला उरलाय, चारपाच चमचे असेल, त्याला तो कुणाला हात लावू देत नाही. रात्री स्वयंपाकघरात जाऊन झाकण उघडतो, परत लावतो, असं मीनू सांगते. मी पाहिलेलं नाही, आणि पाहायचंही नाही.

मीनू माझ्यामागे लागली. "काका, पुड्या आल्या ना घरात, की संपलं. बाबा जन्मभर दहीभात खातील." म्हणून मी पुन्हा विषय काढला. या वेळी दादा चिडला नाही. एवढंच म्हणाला, "तिरफळ कुठाय? तिरफळाशिवाय आपला मसाला होत नाही. आणि ते तीच आणायची."

"मी आणतो."

"तू?" असं म्हणून दादा हसला. तुमच्यानंतर पहिल्यांदा. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण तो का हसला ते कळत असल्यामुळे पूर्ण झाला नाही.

तो हसला वरंगळच्या तिखटाला. दहा-बारा वर्षं होऊन गेली, पण या घरात माझी ती एकच गोष्ट कुणी विसरत नाही. माझं लग्न नुकतंच झालं होतं. बारा घरच्या माणसांची एक बस ठरवून आपण तिरुपतीला निघालो होतो, वरंगळ, विजयवाडा करत. निघायच्या आधी आठवडाभर तुमचं ते नेहमीचं सुरू झालं होतं. कामतघरच्या शाळेत पहिली-दुसरीची मुलं शिकवणाऱ्या बाई तुम्ही. तुमच्या वर्गात अर्धा हिंदुस्थान बसायचा. कुणाचा बाप लूमवर कापड विणायला आजमगडहून आलेला, कुणाचा वरंगळहून, कुणाचा विजापूरहून. आपण कुठे जायचं ठरलं की शाळा सुटताना तुम्ही दारात उभ्या राहायच्या आणि त्या भागातली आई हेरून विचारायच्या, तुमच्या गावाला काय चांगलं मिळतं, तुमची आई कुठून घेते, काय भाव घेते. राजव्वा तुम्हाला अशीच भेटली, पोराला घ्यायला आलेली. तिच्याकडून तुम्ही तेलुगूतलं एक वाक्य घोकून पाठ केलं होतं. मी विचारलं, "याचा अर्थ काय? केवढ्याला देता?"

"नाही. तुम्ही किती दिलेत?"

"दुकानदार कशाला देईल?"

"दुकानदाराला विचारतंय कोण, भाऊजी? दुकानदार मला भिवंडीचा भाव सांगणार. विचारायचं ते गिऱ्हाइकाला."

मी तेव्हा नगरपालिकेत नुकताच चिकटलो होतो आणि घासाघीस ही माझी कला आहे अशी माझी समजूत होती. बस वरंगळच्या बाहेर एका मोठ्या दुकानासमोर थांबली. पाटीवर मराठीतसुद्धा 'शुद्ध मसाले' लिहिलेलं. दुकानदारानं ड्रायव्हरला न सांगता चहा आणून दिला. आज हे लिहिताना त्या चहाकडे मी लक्ष द्यायला हवं होतं असं वाटतं. पण माझं लक्ष तिखटाच्या डोंगरावर. काय त्याचा लाल रंग. मी भाव करायला लागलो. निघून गेल्यासारखं केलं, परत आलो, बायकोला डोळा मारला, तो भाव निम्म्यावर आणला आणि पिशवी भरून तिखट घेतलं. बसमधल्या चौघांनी मी ठरवलेल्या दरानं घेतलं. मला कुणी हार घातला असता तरी मी मान पुढे केली असती.

तुम्ही मात्र कुठेच दिसेनात. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. लोक मला, म्हणजे तुमच्या दिराला, बोलायला लागले. अर्ध्या तासानं तुम्ही दोन बायकांबरोबर हसत आलात, कोऱ्या कापडात बांधलेलं गाठोडं काखेत. पुढच्या गल्लीत मिरची कांडायची गिरणी होती म्हणे. तिथल्या रांगेत तुम्ही जाऊन बसलात, घोकलेलं वाक्य बोललात, बायका हसून लोटपोट झाल्या आणि मग एकीनं तुम्हाला हाताला धरून ती घेते त्या माणसाकडे नेलं.

"किती कमी केलेत?" मी विचारलं.

"काही नाही. तिनं दिले तेवढे मी दिले."

"वहिनी, तुम्ही म्हणजे अगदी..." मी बसभर ऐकू जाईल असा हसलो होतो.

रात्री लॉजवर तुम्ही तो कापडाचा तुकडा काढलात. लूमवरून उतरलेलं कोरं कापड, भिवंडीत ज्याच्या त्याच्या घरी असतं, लोक त्यानं लादी पुसतात. तुम्ही तो ओला करून पिळलात, त्यावर तुमच्या मिरचीची पूड चिमूटभर ठेवलीत आणि शेजारी माझं तिखट. माझ्या तिखटाखाली कापड कुंकू सांडल्यासारखं झालं. तुमच्या पुडीखाली जेमतेम पिवळट डाग. सगळे माझ्याकडे बघत होते. तुम्ही चिमूटभर जिभेवर ठेवलंत आणि शांतपणे म्हणालात, "राहू द्या भाऊजी. रंगपंचमीला होईल. डोळ्यांत गेलं तरी काळजी नाही."

आणि मग ते वाक्य, ज्यावर आपण पुढं इतकी वर्षं भांडलो. "तुम्ही त्याला भावात निम्म्यावर आणलंत, त्यानं तुम्हाला मालात."

माझं म्हणणं मी कधी सोडलं नाही. भाव न करता घेणं म्हणजे समोरच्याशी न बोलता घेणं. तुमचं म्हणणं, खरा माल दाखव म्हणून हट्ट धरावा, मागच्या पोत्यातलं उघडायला लावावं, खडे, देठ, बी काढून मापायला लावावं, पण एवढं झाल्यावर त्याच्या पैशात हात घालू नये. मी म्हणायचो, तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांनी बाजार बिघडतो. तुम्ही म्हणायच्या, तुमच्यासारख्यांनी तिखट बिघडतं. दादा वर्तमानपत्रामागून म्हणायचा, तुम्हा दोघांमुळे माझं डोकं बिघडतं. दवाखान्यातसुद्धा आपलं हेच. हाताला सलाईन लावलेली आणि तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या जुन्नरच्या आजींकडून धण्यांचा पत्ता घेत होतात. मी म्हटलं, "वहिनी, आता तरी." तुम्ही म्हणालात, "मी विचारून ठेवते, तुम्ही आणा. आणि बरी झाले की काशीला जायचंय. तिकडे लोणच्याची लाल मिरची चांगली असते म्हणतात, त्या बाजूचं कुणी भेटलं तर विचारा." मी मान हलवली. बरी होणार नाही हे दोघांनाही कळत होतं. मिरचीचं बोलता येत होतं, म्हणून मिरचीचं बोललो.

तेव्हा दादा हसला तो या सगळ्याला. तरी मी रविवारी वज्रेश्वरीची एसटी पकडली.

तुम्ही दर चैत्रात तिथूनच तिरफळ आणायच्या. मीही वज्रेश्वरीला अनेकदा गेलोय, पण गरम पाण्याच्या कुंडांसाठी. तर मी म्हटलं, आलोच आहोत तर आधी अकलोलीच्या कुंडात अंघोळ करू, मग काम. पाण्यातून निघालो, टॉवेल गळ्यात तसाच, डोक्यावर मीनूच्या मामानं दिलेली पांढरी टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. अशा थाटात देवळाच्या रस्त्याला आलो. आजूबाजूच्या गावच्या बाया ओळीनं बसलेल्या, पुढ्यात करवंदं, आंबेहळद, तिरफळं. एकीसमोर उकिडवा बसलो आणि ऑफिसातल्या मराठीत विचारलं, "बाई, हे तिरफळ आपण कसं दिलंत?"

तिनं माझ्याकडे टोपीपासून चपलेपर्यंत पाहिलं आणि भाव सांगितला. मी हसलो, उठलो, दोन पावलं गेलो, परत आलो. तिनं कमी केलं. मी आणखी कमी केलं. शेवटी ती म्हणाली, "घ्या. सकालपासून भवानी न्हाय." मी जिंकून, कागदाचा पुडा घेऊन स्टँडवर येऊन बसलो.

बस यायची होती म्हणून पुडा उघडला. तिरफळाचं कसं असतं ते तुमच्यामुळे मला कळतं. वास, चव सगळी त्या वाळून फाटलेल्या सालीला. आतली काळी चकचकीत बी निव्वळ कचरा, आणि वजन सगळं तिचंच. माझ्या पुड्यात वर थोडी साल होती, खाली काळंभोर. घरापासून एसटीनं तासाभराच्या गावात, स्वतःच्या तालुक्यात, मी पाहुणा म्हणून लुटला गेलो होतो. वहिनी, मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग हे सांगायला घरी कुणी नाही हे ध्यानात आलं. तेवढं मात्र जड गेलं.

दादाला काय दाखवणार होतो? हा पुडा त्याच्यासमोर ठेवला असता तर दुसऱ्या दिवशी बाजारच्या पुड्या आल्या असत्या. मी टॉवेल पिशवीत कोंबला, चष्मा, टोपी काढली आणि परत त्या बाईसमोर जाऊन, या वेळी मातीतच, मांडी घालून बसलो. तुमचा तो कोऱ्या कापडाचा तुकडा मी बरोबर आणला होता, तो पसरला आणि पुडा त्यावर ओतून एकेक बी वेगळी काढू लागलो.

बाई थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "कुठलं तुमी?"

"भिवंडीचा."

"भिवंडीचं? मंग तो टावेल कशाला गल्यात घातलाव? मला वाटला मुंबयचं शेट." ती हसली आणि एकदम थांबली. "असं कापड पसरून बी काढनारी एक बाय येतं भिवंडीची. मास्तरीन हाय. तुमची कोन ती?"

"वहिनी."

"औंदा कुठं हाय? मी तिच्यासाठी बाजूला ठेवलंय." तिनं गुडघ्यामागची थैली दाखवली. "मना म्हनते, जनाबाय, मुंबयवाल्यांना काय द्यायचा ते दे, माजं येगलं ठेव."

मी म्हटलं, "ती आता यायची नाही." आणखी काही म्हणावं लागलं नाही. जनाबायनं माझ्यासमोरची सगळी बी कापडासकट गोळा केली, आपल्या टोपलीत झटकली, थैलीतलं तिरफळ कापडावर ओतलं. नुसती साल, हिरवट-तपकिरी, एक काळा दाणा नाही. तिनं भाव सांगितला. पुड्याच्या बराच वर होता. मी तुम्हाला स्मरून पाकीट काढलं.

"असं काय करतंव? भाव न्हाय करायचा?"

"वहिनी करत नसत ना."

"कोन म्हनतं?" जनाबायनं कपाळाला हात लावला. "बाय तर माज्याशी अर्धा अर्धा तास भांडायची. उटून जायची, परत यायची. वर मना म्हनायची, माजा दीर आला ना जनाबाय, तर तुला रडवील. मी बोल्ले, आना त्याला एकदा." ती टोपलीतल्या बियांकडे आणि मग माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमीच काय ते?"

वहिनी, तुम्हाला मी पकडलं. इतकी वर्षं. मला सगळ्यांसमोर धडे दिलेत, आणि इथे चैत्राच्या चैत्राला माझीच कला, माझंच ते निघून गेल्यासारखं करणं. घरी येऊन एका शब्दानं बोलला नाहीत.

मी विचारलं, "मग कमी करायच्या का तुम्ही?"

"कशाला कमी करू? शेवटाला मी सांगल तोच द्यायची. पन भांडल्याबिगर उटली तर मना वाटायचा, बाय रागावली." असं म्हणून तिनं पदरानं डोळे पुसले आणि दटावल्यासारखं म्हणाली, "बोला की. फार होतात म्हना."

मी म्हटलं, "फार होतात."

"कुठं फार? रानात काटं मोडलं हातात."

"मागच्या वर्षी एवढे नव्हते."

"मागच्या वरसी बाय होती. तुमाला हाच भाव."

मी उठून दोन पावलं गेलो. परत आलो. शेजारची करवंदवाली हसायला लागली. एक बस गेली, ती आमचीच होती, तिला जाऊ दिलं. शेवटी जनाबायनं पहिला सांगितला तोच भाव मी दिला, पुड्याचे पैसे तिनं त्यात धरले. मी कापडाची गाठ मारत होतो तर तिनं थांबवलं आणि वर आणखी एक ओंजळ टाकली. "ही बायची."

घरी दादासमोर गाठोडं सोडलं. त्यानं बोटानं चाळून बी शोधली. सापडली नाही. एक साल उचलून दाताखाली धरली. तिरफळानं जीभ झिणझिणते, डोळ्यांत पाणी येत नाही. मी तिकडे पाहिलं नाही.

"कितीला घेतलंस?"

मी सांगितलं.

"फसलास," दादा म्हणाला. मग आणखी एक साल उचलत, "मिरच्या डंखावर कुटायला कधी नेतोयस?" मीनू लगेच बरणी धुवायला घेऊन निघाली, तर तिला हाक मारून म्हणाला, "ती रिकामी करू नको. आहे त्याच्यावरच भर."

म्हणून आज मिरच्या गच्चीत आहेत, वहिनी. आणि उद्या कुटायला न्यायच्या म्हणून आज संध्याकाळी मी डंखावर नंबर लावायला जाऊन आलो. तिथं माझ्याखेरीज सगळ्या बायका, मशिनची धडधड, हवेत तिखट, आणि मी नाकाला रुमाल लावून शिंकतोय. माल दाखवायचा म्हणून हातात चार मिरच्या नेल्या होत्या. माझ्यापुढं एक तरुण बाई होती, डोक्यावर पदर, कडेवर पोर, बिचकलेली. भिवंडीत नवी असावी. माझ्या हातातल्या मिरचीकडे बघत राहिली आणि शेवटी धीर करून म्हणाली, "भाईसाब, ये मिर्ची आपको कितने में पडी?"

शेजारी दुकान होतं. दुकानदार गल्ल्यावर होता. तिनं त्याला नाही विचारलं.

मी खरा भाव सांगितला. राजव्वाची चाळ सांगितली, कामतघरला कुठून वळायचं ते सांगितलं, आणि मिरची ओल्या कापडावर घासून बघा म्हणूनही सांगितलं. घरी लूमचं कापड आहे का, तर म्हणाली, "वो तो बहुत है, आदमी लूम पे ही है."

"गाँव कौन सा आपका?"

"बनारस के पास."

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. मी रुमाल खाली घेतला, एक शिंक काढली आणि विचारलं, "उधर अचार की लाल मिर्च आपकी माँ क्या भाव लेती है?"